‘एस १६०’चं मॉडेल करताना: आधी नंबर ठरवा, मग खोकं उघडा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने युरोपात पाठवलेल्या वाफेच्या इंजिनांपैकी एकाचंच मॉडेल करायचं असेल, तर ते ‘एस १६०’चं करावं. अमेरिकी लष्कराच्या ट्रान्सपोर्टेशन कोअरसाठी मेजर जे. डब्ल्यू. मार्श यांनी आखलेलं हे २-८-० इंजिन, म्हणजे पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी आणि भट्टीखाली एकही नाही. अल्को, बाल्डविन आणि लिमा या तीन कारखान्यांनी १९४२ ते १९४६ या काळात अशी २,१२० इंजिनं बांधली. युद्ध संपल्यावर ती पोलंड, हंगेरी, इटली, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया, ग्रीस अशा देशांत पांगली आणि कित्येक ठिकाणी पुढची दोन-तीन दशकं राबली.

मॉडेलवाल्याची पंचाईत इथेच सुरू होते. एकाच साच्यातून निघालेली दोन हजारांहून जास्त इंजिनं आणि प्रत्येकाचा प्रवास निराळा. बाजारातून ‘एस १६०’ आणलं, आवडेल तो नंबर डकवला आणि रुळांच्या मांडणीवर ठेवलं, की ते इंजिन दिसतं, पण कुठलंच इंजिन नसतं. माझी पद्धत उलटी आहे: देश, वर्ष आणि नंबर आधी कागदावर लिहायचे. पैसे त्यानंतर.

पहिली पायरी: देश, वर्ष, नंबर

चार पर्याय समोर ठेवतो. प्रत्येकासाठी काम वेगळं पडतं.

ब्रिटन, १९४३. पहिली खेप दक्षिण वेल्समध्ये उतरली. त्यातली सुमारे ४०० इंजिनं ब्रिटिश रेल्वे कंपन्यांना उसनी दिली गेली: ग्रेट वेस्टर्नला १७४, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नला १६८, लंडन मिडलँड अँड स्कॉटिशला ५० आणि सदर्नला अवघी ६. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या स्वारीसाठी ठेवलेली बाकीची इंजिनं वेल्समध्येच रांगा लावून उभी होती. अशी रांगच्या रांग मांडणीवर दाखवता आली तर बघणारा थबकतो, पण त्यासाठी चार-पाच मॉडेलं लागतात.

फ्रान्स, १९४४-४५. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं, जूनअखेर शेरबूर बंदर हाती आलं आणि पाठोपाठ इंजिनं इंग्लिश खाडी ओलांडू लागली. ती चालवणाऱ्या बटालियन अमेरिकी मिलिटरी रेल्वे सर्व्हिसच्या होत्या आणि त्यांत भरती झालेली बरीच माणसं घरी रेल्वेतच नोकरी करणारी. बॉम्बनी फुटलेले प्लॅटफॉर्म, घाईत दुरुस्त केलेले रूळ, जेरीकॅनचे ढीग असा देखावा उभा करायचा असेल तर याच्याइतका काळ नाही.

हंगेरी, १९४७ नंतर. हंगेरीच्या रेल्वेने ५१० इंजिनं घेतली. त्यातल्या ४८४ ना ४११ या वर्गाचे नंबर पडले, उरलेली सुट्या भागांसाठी मोडली. तिथल्या रेल्वेवाल्यांनी या इंजिनाला ‘ट्रूमन’ म्हणायला सुरुवात केली. अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष तोच. अमेरिकी अध्यक्षाच्या नावाचं इंजिन आणि त्याच्या छातीवर साम्यवादी राजवटीचा लाल तारा, ही जोडी मला या सगळ्या इतिहासात फार आवडते.

पोलंड. टीआर २०१ वर्गात ७५ आणि टीआर २०३ वर्गात ५००. संख्या मोठी, म्हणून फोटोही भरपूर मिळतात. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे.

नंबर निवडताना एक सापळा नक्की टाळा. जतन केलेल्या इंजिनांचे रंगीत फोटो सहज सापडतात, त्यामुळे आपण त्यांचीच नक्कल करायला जातो. इंग्लंडमधल्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवरचं ५८२० नंबरचं इंजिन, लाडकं नाव ‘बिग जिम’, फार प्रसिद्ध आहे. करड्या लष्करी रंगातले त्याचे फोटो पाहून अनेक जण ते शेरबूरच्या देखाव्यात उभं करतात. पण ते लिमा कारखान्यात बांधलं गेलं १९४५ साली. नंतर पोलंडमध्ये टीआर २०३-४७४ म्हणून चाललं आणि १९७७ मध्ये इंग्लंडला आलं. १९४४ च्या उन्हाळ्यात ते अस्तित्वातच नव्हतं. उलट ‘ओमाहा’ नावाने ओळखलं जाणारं २२५३ बाल्डविनने १९४३ मध्ये बांधलं, ते नॉर्मंडीच्या काळाशी जुळतं. म्हणून नंबर पक्का करण्याआधी त्याचं बांधणीचं वर्ष तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

नंबर ठरला की त्याच इंजिनाचे, त्याच काळातले किमान तीन फोटो मिळवा: एक डावीकडून, एक उजवीकडून, एक समोरून किंवा मागून. तीन मिळाले नाहीत तर मी नंबर बदलतो. अंदाजाने बसवलेला एखादा पाइप नंतर कायम डोळ्यांत खुपतो.

दुसरी पायरी: स्केलचा हिशेब

आपल्याकडे सर्वात जास्त पैसे वाया जातात ते इथे. एचओ म्हणजे १:८७ आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६.२. दोन्ही १६.५ मिमी रुळांवरच धावतात, त्यामुळे दुकानदारही कधीकधी एकाच्या जागी दुसरं देतात. पण एचओ मॉडेल ओओच्या तुलनेत साधारण सात-अष्टमांश भरतं. एचओचं ‘एस १६०’ ओओच्या ब्रिटिश डब्यांपुढे जोडलं की मोठ्या भावाच्या बारशाला आलेल्या धाकट्यासारखं दिसतं.

हिशेब सोपा आहे. खऱ्या इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास ५७ इंच, म्हणजे १,४४८ मिमी. त्याला ८७ ने भागा: १६.६ मिमी. ७६.२ ने भागा: १९ मिमी. मॉडेल हातात आलं की कॅलिपर लावून चाक मोजा, स्केल कुठलं ते लगेच कळतं. मोजताना रुळाला टेकणारा भाग धरा, बाहेरची कड धरू नका, कारण मॉडेलमध्ये ती कड मुद्दाम जाड केलेली असते.

रुळांचंही तसंच. युरोपचा प्रमाण गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिमी. एचओमध्ये तो १६.५ मिमी येतो, म्हणजे अचूक. ओओमध्ये तो १८.८३ मिमी यायला हवा, पण रूळ १६.५ चेच, त्यामुळे ओओ इंजिन समोरून पाहिलं की पाय आखडल्यासारखं वाटतं. यावरून माझा सल्ला असा: फ्रान्स, हंगेरी, पोलंड, इटली यांपैकी काही करायचं असेल तर डोळे मिटून एचओ घ्या. ब्रिटनमधलं १९४३ करायचं असेल आणि घरात आधीच ब्रिटिश डबे असतील तरच ओओ.

जाता जाता भारताबद्दल. याच काळात अमेरिकेने आपल्या ब्रॉडगेजसाठीही इंजिनं पाठवली. त्यातलं २-८-० चाकांचं एडब्ल्यूसी हे ‘एस १६०’च्या कुळातलं, तर एडब्ल्यूई हे २-८-२ चाकांचं मोठं इंजिन. त्यातलं ‘विराट’ रेवाडीच्या शेडमध्ये जतन केलेलं आहे. पण आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, एचओमध्ये १९.३ मिमी. १६.५ च्या रुळावर भारतीय इंजिन केलं तर तीच आखडलेल्या पायांची अडचण. करायचंच असेल तर रूळही हाताने टाकायची तयारी ठेवा.

तिसरी पायरी: तयार घ्यायचं की किट बांधायचं

एचओमध्ये रोको या मॉडेल कंपनीने ‘एस १६०’ वेगवेगळ्या देशांच्या रूपात तयार मॉडेल म्हणून काढलेलं आहे. ओओमध्ये डीजेएचचं धातूचं किट जुन्या बाजारात येतं. याशिवाय अमेरिकी लष्कराचंच ‘एस १००’ हे सहा चाकांचं छोटं शंटिंग इंजिनही आहे. डॅव्हनपोर्ट, पोर्टर आणि व्हल्कन या कारखान्यांनी ती ३८२ बांधली. युद्धानंतर सदर्न रेल्वेने साउदम्प्टन गोदीसाठी त्यातली १४ कामाला लावली, फ्रान्सकडे ७७ गेली. ओओमध्ये याचं बाखमनने बनवलेलं तयार मॉडेल मिळतं. घरात जागा कमी असेल, एकाच फळीवर गोदीचा कोपरा करायचा असेल, तर ‘एस १००’नेच सुरुवात करा. तीव्र वळणावर ते आनंदाने फिरतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याने तयार मॉडेल घेऊन त्यात बदल करावेत. धातूचं किट ही दुसरी किंवा तिसरी इयत्ता. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि आयात शुल्क धरून हिशेब करा, आणि वापरलेलं मॉडेल घेत असाल तर विकणाऱ्याकडून चालतं असल्याचा व्हिडिओ मागा. मी एकदा नुसत्या फोटोंवर विश्वासून घेतलं. आलं तेव्हा एका धुरीवरचं प्लास्टिकचं दातेरी चाक फुटलेलं होतं आणि इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा उचकी दिल्यासारखं थांबायचं. दुरुस्त झालं, पण दोन महिने गेले.

चौथी पायरी: इंजिनाचा चेहरा ओळखा

हत्यार उचलण्याआधी एक संध्याकाळ नुसते फोटो बघण्यात घालवा. ‘एस १६०’ची ओळख चार-पाच गोष्टींत आहे आणि त्या जमल्या की बाकीचं माफ होतं.

समोरून पाहिलं की पहिली नजर जाते हवेच्या पंपाकडे. ब्रेकसाठी हवा दाबणारा हा वेस्टिंगहाउस पंप धूरपेटीच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या, तोंडावरच, एका बाजूला बसवलेला आहे. त्यामुळे मधलं दार लहान झालंय आणि अख्खा चेहरा वाकडा, थोडा रागीट दिसतो. पंपाला जाणारे पाइप बारीक पितळी तारेचे करा. प्लास्टिकच्या साच्यातले पाइप जाड येतात, ते काढून ०.३ ते ०.५ मिमी तार बसवली की एवढ्या एका बदलाने मॉडेलची किंमत दुप्पट झाल्यासारखी वाटते.

बाजूने पाहिलं की बॉयलरच्या पोटाखालून आरपार उजेड दिसतो. अमेरिकी पद्धतीची बार फ्रेम, म्हणजे जाड लोखंडी दांड्यांची चौकट, आणि बॉयलरच्या कडेने जाणारा, वर उचललेला पायमार्ग यामुळे हे होतं. मोटार बसवताना कंपन्या ती पोकळी भरून टाकतात. तुमच्या मॉडेलमध्ये ती भरलेली असेल तर तो भाग मॅट काळ्याने रंगवा. मोकळा नाही झाला तरी नजरेआड होतो.

टेंडर, म्हणजे कोळसा-पाणी वाहणारा मागचा डबा, आठ चाकांचा, दोन बोगींवर. कोळशाची पेटी वर दोन्ही बाजूंनी आत घेतलेली, कारण इंजिन उलटं चालवताना ड्रायव्हरला मागचं दिसायला हवं. आतला कोळसा प्लास्टिकचा असेल तर काढून टाका. खरा दगडी कोळसा कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, चहाच्या गाळणीतून चाळा, आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर पसरा. पावडर नको, खडे हवेत. एचओमध्ये दोन-अडीच मिमीचा खडा म्हणजे खऱ्यातला वीतभर लांबीचा तुकडा.

केबिनच्या आतल्या एका गोष्टीमागे दुःखद कथा आहे, म्हणून मी ती कधीच टाळत नाही. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी. ब्रिटिश फायरमनच्या सवयीपेक्षा या इंजिनावरची व्यवस्था निराळी होती: वरचा व्हॉल्व्ह गोल चाक फिरवून उघडायचा, आणि तो पूर्ण उघडा आहे की जेमतेम, हे नुसतं पाहून कळत नसे. जेमतेम उघडा राहिला तर काचेत पाणी दिसतं, पण भट्टीच्या छताला ते पुरत नाही. १७ नोव्हेंबर १९४३ रोजी इंग्लंडमध्ये हनीबोर्नजवळ २४०३ नंबरच्या इंजिनाच्या भट्टीचं छत असंच कोसळलं. एक जण दगावला, एक गंभीर जखमी झाला. मॉडेलमध्ये ही नळी म्हणजे अर्ध्या मिमीची पारदर्शक प्लास्टिकची काडी आणि वर टाचणीच्या डोक्याएवढं लाल चाक. बसवायला दहा मिनिटं लागतात. बघणाऱ्याला सांगायला गोष्ट मिळते.

देशानुसार बदल मुख्यतः दिव्यांत, धुराड्यात आणि टेंडरच्या कडेत असतात. ब्रिटनमध्ये कंदील अडकवायचे लोखंडी आकडे, हंगेरी-पोलंडमध्ये विजेचे मोठे दिवे. इथे पुस्तकी नियम लावू नका, तुमच्या नंबरचा फोटो म्हणेल ते खरं.

पाचवी पायरी: किट असेल तर सांगाडा

तयार मॉडेल घेतलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. किटवाल्यांनी मात्र इथे घाई करू नये, कारण न चालणारं सुंदर इंजिन शेवटी काचेच्या कपाटात जातं.

हत्यारं: तापमान ठरवता येईल अशी सोल्डरिंग इस्त्री, बारीक कानशींचा संच, पिन व्हाइस (बोटांनी फिरवायची ड्रिलची मूठ) आणि ०.३ ते १ मिमी ड्रिल, कॅलिपर, सपाट जाड काच. काच सर्वात महत्त्वाची. सांगाडा तिच्यावर ठेवून हलवला आणि टकटक आवाज आला तर तो वाकडा आहे.

चौकटीच्या दोन पट्ट्या जोडताना धुऱ्यांच्या भोकांतून सरळ लोखंडी सळ्या घाला. सगळ्या एकमेकींना समांतर दिसल्यावरच डाख पक्का करा. पितळेला पितळ जोडायला १४५ किंवा १८८ अंशांचा डाख चालतो. किटमधला करडा पांढरा धातू मात्र फार लवकर वितळतो, त्याला ७० अंशांचा कमी तापमानाचा डाखच हवा. आणि ७० चा डाख पितळेला थेट धरत नाही. म्हणून पितळेवर आधी १४५ च्या डाखाचा पातळ थर द्या, मग त्यावर पांढरा धातू ७० ने जोडा. इस्त्री नेहमीच्या तापमानावर ठेवून पांढऱ्या धातूला टेकवलीत तर क्षणात तिथे भोक पडतं. डाख नीट धरावा म्हणून लावायचा फ्लक्स आम्लधर्मी असतो, दिवसाचं काम संपलं की गरम पाणी, भांडी घासायचं द्रव आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं घासा. नाही घासलं तर महिन्याभरात हिरवट डाग रंगाखालून वर येतात, आपल्या दमट हवेत तर पंधरवड्यात.

पांढऱ्या धातूत आणि डाखात शिसं असू शकतं. खिडकी उघडी ठेवा, काम करताना खाणं-पिणं नको, उठल्यावर हात धुवा, आणि कानशीचा भुगा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

चाकं बसवताना दोन मापं सांभाळायची. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी, सर्व धुऱ्यांवर सारखं. आणि क्रँकचा, म्हणजे चाकावर जिथे दांडा जोडतो त्या खिळीचा, कोन: उजव्या आणि डाव्या चाकाच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशांत, उजवी पुढे. कोन ८९ झाला तरी एक वेळ चालेल, पण चारही धुऱ्यांवर तो अगदी एकसारखा हवा. नाही तर जोडदांड्या अडकतात. एका वेळी एकच जोडी दांड्यांनी जोडा, मोटार न लावता सांगाडा तिरप्या काचेवर सोडा. स्वतःच्या वजनाने घरंगळला की पुढची जोडी. अडकला तर दांड्याचं भोक गोल रीमरने केसभर मोठं करा. केसभर म्हणजे खरंच केसभर, दोन वळसे आणि पुन्हा चाचणी. चारही जोड्या मोकळ्या फिरल्या की मगच मोटार.

वाल्शर्ट गियरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेचे, दांडे शेवटी बसवा. रिव्हेट ठोकताना दोन पट्ट्यांमध्ये पातळ कागदाचा कपटा ठेवायचा, ठोकून झाल्यावर ओढून काढायचा. तेवढी फट राहते आणि सांधा हलता राहतो.

सहावी पायरी: रंग

लष्करी ‘एस १६०’ करड्या रंगात आली, नंतरच्या देशांत बहुतेक काळी झाली. दोन्ही बाबतींत डबीतला रंग जसाच्या तसा लावू नका. छोट्या आकारात गडद रंग आणखी गडद दिसतो. काळ्यासाठी मी चार भाग काळा, एक भाग पांढरा आणि काडीभर तपकिरी घेतो. करड्यातही थोडा पांढरा घालतो. केबिनचं छप्पर बाजूंपेक्षा एक छटा फिकं, कारण वरून ऊन लागतं.

क्रम असा: भाग सुटे करा, कोमट साबणपाण्याने धुवा, दोन दिवस झाकून वाळवा, हातमोजे घालून प्रायमरचा पातळ हात, दुसऱ्या दिवशी रंगाचे तीन पातळ हात. एअरब्रश असेल तर दाब साधारण १ ते १.४ बार. मास्क बाष्प अडवणारा घ्या, कापडी उपयोगाचा नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या मंडळींसाठी खास सूचना. पावसाळ्यात लॅकर रंग मारू नका. हवेतला ओलावा रंगाच्या थरात अडकतो आणि पृष्ठभागावर दुधाळ पांढरट साय येते. कॉम्प्रेसरला ओलावा टिपणारी बाटली लावलीत तरी खोलीतली हवा तीच असते. जून ते सप्टेंबर डाखकाम आणि तारकाम करा, रंगाला दिवाळीनंतरची कोरडी हवा गाठा. अगदीच निकड असेल तर अॅक्रेलिक रंग वापरा आणि सुकायला दुप्पट वेळ द्या.

नंबर आणि अक्षरांसाठी पाण्यात भिजवायची डिकॅल, म्हणजे पातळ छापील चित्रं. मॅट रंगावर ती थेट लावली की खाली हवा अडकून चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, ते कडक झालं की डिकॅल, त्यावर डिकॅल मऊ करणारं द्रव, आणि चोवीस तासांनी मॅट वार्निश. मऊ करणारं द्रव लावल्यावर डिकॅल सुरकुतते, जीव घाबरतो, पण बोट लावू नका. तासाभरात ती आपोआप ताणून रंगासारखी बसते.

सातवी पायरी: मळवणं

नवं कोरं ‘एस १६०’ फक्त वेल्समधल्या साठ्याच्या रांगेत शोभतं. बाकी सगळीकडे ते मळलेलंच हवं. पण मळाला कारण हवं. काजळी वरून खाली येते, म्हणून धुराड्याच्या मागे बॉयलरच्या पाठीवर आणि केबिनच्या छपरावर. रुळांची धूळ खालून वर उडते, म्हणून चाकं, बोगी आणि टेंडरच्या खालच्या कडा तपकिरी-करड्या. कडक पाणी जिथे गळतं तिथे चुन्याचे पांढरे ओघळ: वॉशआउट प्लगच्या (बॉयलर धुण्यासाठीच्या बुचांच्या) खाली आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हभोवती. टेंडरवर पाणी भरायच्या झाकणाभोवती धुऊन निघालेले पट्टे. दांड्यांवर तेलकट चमक, ती शेवटी, एक थेंब तपकिरी वॉश आणि एक थेंब चकचकीत वार्निश मिसळून.

गंज जपून. युद्धकाळातलं इंजिन दोन-तीन वर्षांचं तरुण होतं. राबलेलं, धुळकट, पण गंजलेलं नव्हे. नारिंगी गंजाचे ठिगळ हे १९७० च्या दशकात यार्डात उभ्या केलेल्या ‘ट्रूमन’साठी राखून ठेवा.

एका वेळी एकच थर द्या आणि दिवसाउजेडी पाहा. रात्री ट्यूबलाइटखाली केलेलं मळवणं सकाळी नेहमी जास्त झालेलं असतं.

आठवी पायरी: रुळांवर

आठ जोडलेल्या चाकांना ३६० मिमी त्रिज्येचं वळण जेमतेम जमतं, ४५० ते ६०० मिमी असेल तर दिसतंही छान. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. लोखंडी रूळ आपल्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि इंजिन झटके देऊ लागतं.

पहिला अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगात, डबे न जोडता. मग प्रत्येक सांध्याला सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब. जास्त झालं तर चाकांवर उतरतं आणि वीज पोहोचत नाही.

वेगाकडे लक्ष द्या, बहुतेकांची इंजिनं इथेच खेळणी होतात. खऱ्या इंजिनाची मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किमी. एचओमध्ये तो वेग सेकंदाला २३ सेंमी. म्हणजे एक मीटर अंतर कापायला सव्वाचार सेकंद, आणि ही कमाल मर्यादा झाली. ताशी ४० किमीने रखडत जाणाऱ्या मालगाडीला मीटरभर जायला जवळजवळ आठ सेकंद लागतात. मोबाइलवर वेळ लावून एकदा कंट्रोलरच्या बटणावर खूण करून ठेवा. डिजिटल कंट्रोल असेल तर डीकोडरमध्येच, म्हणजे इंजिनातल्या आज्ञा वाचणाऱ्या चिपमध्येच, कमाल वेग बांधून टाका. आवाजाचा डीकोडर बसवत असाल तर चाकाच्या एका फेऱ्याला चार फुसकारे हे प्रमाण जुळवा. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून चार. एचओ चाकाचा परीघ ५२ मिमी, तेव्हा दर १३ मिमीला एक फुसकारा. हे जुळलं की डोळे मिटून ऐकतानाही इंजिन चढावर आहे की सपाटीवर ते कळतं. मोठ्या मांडणीवर गाड्या कशा धावत्या ठेवतात हे प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. जाताना स्वतःचे प्रश्न लिहून न्या.

मागे डबे कुठले जोडायचे? फ्रान्स १९४४-४५ असेल तर एकसारखी गाडी लावू नका. अमेरिकी लष्कराच्या नव्या वाघिणी, मधूनच फ्रेंच आणि बेल्जियन जुन्या, आणि माघार घेताना जर्मनांनी मागे सोडलेल्या दोन-तीन. त्या जर्मन वाघिणींवरची मूळ अक्षरं तशीच राहू द्या, वर खडूने घाईत लिहिल्यासारखा नवा पत्ता टाका. पांढरी रंगपेन्सिल टोकदार करून लिहिलं आणि त्यावर मॅट वार्निशचा हलका हात दिला की तो खडू पुसला जात नाही.

सगळं झाल्यावर एक छोटा कागद टेंडरच्या आत चिकटवून ठेवा: नंबर, देश, दाखवलेलं वर्ष, कुठले फोटो वापरले, कुठल्या रंगांचं किती प्रमाण. पाच वर्षांनी पायमार्गाचा एखादा टवका उडतो आणि तोच करडा पुन्हा मिसळायचा असतो.

पावसाळ्यात इंजिन हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, चाकांवर उभं ठेवा. फोम थेट रंगाला लागू देऊ नका, मध्ये टिश्यू पेपर घाला. आणि दर महिन्याला दहा मिनिटं बाहेर काढून चालवा.